आईचे हात आहेत ना, मग यंत्राचा हात कशाला?

या वेळचं पत्र थोडं कमी करून देतेय, बाकी शब्द तिचेच.

‘ताई, मी २७ वर्षांची आहे. मला लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे खांद्या-कमरेभोवतीच्या स्नायूंची ताकद हळूहळू कमी होत जाते, गेली ६ वर्षं पॉवर व्हीलचेअरवर आहे. बोटं अजून बऱ्यापैकी चालतात, मोबाईल, कीबोर्ड, चेअरची जॉयस्टिक सगळं जमतं, घरूनच काम करते. पण हात खांद्यातून उचललाच जात नाही, समोरचा ग्लास तोंडापर्यंत नेता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी व्हीलचेअरला लावतात त्या रोबोटिक आर्मचा व्हिडिओ बघितला. एक मुलगी स्वतःची स्वतः पाणी पीत होती. तेव्हापासून पैसे साठवतेय. आईला सांगितलं तर म्हणाली, माझे हात आहेत ना अजून, आणि दोन दिवस धड बोलली नाही. भाऊ म्हणतो आत्ताचे आर्म फार स्लो आहेत, थांब, थोड्या वर्षांत मेंदूने चालणारे येतील. मी उगाच हट्ट करतेय का? आणि एक विचारू, हसू नका, त्याने गालावर आलेले केस मागे सारता येतात का? — हट्टी’

अगं हट्टी,

हसले नाही. ते शेवटचं वाक्य वाचून पत्र बाजूला ठेवलं आणि थोडा वेळ तशीच बसले. इतकी वर्षं ऑक्युपेशनल थेरपी करतेय, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करतेय, समोर आलेल्या प्रत्येकाला पहिला प्रश्न हाच विचारते की स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला काय करता आलं पाहिजे असं वाटतं, आणि उत्तरं जवळजवळ कधीच मोठी नसतात. नाक खाजवायचंय. घसरलेला चष्मा वर करायचाय. मानेला दुखापत झालेल्या एका माणसाने मला सांगितलं होतं, चेहऱ्यावर माशी बसली की ती उडवता आली पाहिजे, बास, बाकी सगळं मी सहन करतो. त्यामुळे तुझा केसांचा प्रश्न मला या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, पण त्याचं उत्तर शेवटी देते, कारण आधी हे यंत्र काय करतं काय करत नाही ते नीट कळलेलं बरं.

हट्ट करतेयस का? नाही. ज्याचे हात चालतात त्याला हे समजवणं अवघड आहे की मदत मिळतच नाही हा त्रास वेगळा आणि प्रत्येक वेळी मागावी लागते हा त्रास वेगळा. तुझ्या घरी मदत भरपूर आहे, प्रेमाने मिळतेय, आई रागावत पण नसेल, तरीसुद्धा दिवसभरात किती वेळा ‘आई, जरा’ म्हणावं लागतं ते तुझं तुलाच माहीत. मग माणूस काय करतो, हळूहळू मागणंच कमी करतो. आत्ताच तर मागितलं होतं, आता थोडं थांबू. ती फोनवर बोलतेय, राहू दे. मी सगळ्यांना विचारते तसं तुलाही विचारते आणि खरं उत्तर दे, तू पाणी कमी पितेस ना? पाणी मागायला नको आणि मग बाथरूमला न्यायला सांगायला नको म्हणून दुपारभर कोरड्या घशाने बसणारी माणसं मी खूप पाहिलीत, आणि त्यातून मग युरीन इन्फेक्शन, बद्धकोष्ठता असं एकामागून एक सुरू होतं. त्यामुळे ग्लास तोंडापर्यंत नेता येणं ही चैनीची गोष्ट नाहीये, हे आधी स्वतःच्या मनात पक्कं कर.

माझं मत विचारशील तर रोबोटिक आर्मचा खरा उपयोग एवढाच आहे, काही गोष्टी न मागता होतात. वेळ वाचतो, माणूसबळ वाचतं वगैरे जे सांगतात ते माझ्यासाठी नंतरचं. कॅनडात २०११ मध्ये एका अभ्यासात असा अंदाज काढला होता की असा आर्म मिळाला तर काळजी घेणाऱ्याचा वेळ साधारण ४१ टक्के वाचू शकतो. अंदाज होता तो, प्रत्यक्ष घरात वर्षभर मोजलेलं नव्हतं. आणि खरा असला तरी हा आकडा आईला चुकूनही दाखवू नकोस. का ते पुढे सांगते.

आता यंत्राकडे येऊ. व्हिडिओत तू जो बघितलास तो बहुतेक किनोव्हा कंपनीचा जाको असेल नाहीतर नेदरलँड्समधला आयआर्म, व्हीलचेअरवर बसवायचे जास्त माहितीतले हे दोन. दोघांचं साधारण सारखंच, खांदा, कोपर, मनगट मिळून ६ सांधे आणि पुढे पकडायला दोन किंवा तीन बोटं, ज्याला ग्रिपर म्हणतात. पोच ९० सेंटीमीटरच्या आसपास, उचलायची ताकद दीड किलोच्या आसपास. म्हणजे भरलेली पाण्याची बाटली उचलेल, जमिनीवर पडलेला मोबाईल उचलेल, लिफ्टचं बटण दाबेल, दाराचं हँडल खाली करेल, फ्रिज उघडेल. चेअरच्याच बॅटरीवर चालतो आणि बरेचदा चेअरच्याच जॉयस्टिकने, एक बटण दाबलं की जॉयस्टिक चाकांकडून आर्मकडे जाते.

जाकोची गोष्ट मला आवडते आणि तुला तर जास्तच जवळची वाटेल. ज्याने २००६ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ही किनोव्हा कंपनी काढली त्याच्या नात्यातच मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती, घरातल्या एका वडीलधाऱ्याने स्वतःसाठी घरच्या घरी जुळवाजुळव करून एक यांत्रिक हात बनवला होता, त्याचं लाडाचं नाव जाको, तेच आर्मला दिलं. म्हणजे हे यंत्र जिथून निघालं ते तुझ्या घरासारखंच एक घर होतं. हे मात्र आईला जरूर सांग.

स्लो आहे का? हो, आहे. भाऊ खोटं बोलत नाहीये. आर्मचा हात सेकंदाला फार तर २० सेंटीमीटरच्या आसपास सरकतो आणि तो मुद्दाम तसा ठेवलाय, कारण तो तुझ्या तोंडाजवळ, डोळ्यांजवळ येणार आहे आणि तुला पटकन मान मागे घेता येणार नाही. पण खरा वेळ तिथे जात नाही. खरा वेळ जातो तो मोड बदलण्यात. कसंय बघ, तुझी जॉयस्टिक पुढे-मागे आणि डावी-उजवी एवढंच जाणते, दोन दिशा, जास्तीत जास्त दांडी फिरवायची सोय असली तर तीन. आणि आर्मला पुढे-मागे, आजूबाजूला, वर-खाली, मनगट तीन तऱ्हांनी वळवणं, वर बोटं उघडणं-मिटणं एवढं सगळं करायचंय. मग ते तुकड्या-तुकड्यात करावं लागतं. आधी या मोडमध्ये ग्लासपर्यंत जा, बटण दाब, दुसऱ्या मोडमध्ये खाली ये, बटण दाब, बोटं मीट, परत बटण, वर उचल. सुरुवातीला कुठल्या मोडमध्ये आहोत हेच लक्षात राहत नाही, वर न्यायला जावं आणि मनगट वळतं, आणि ग्लास भरलेला असेल तर काय होतं ते सांगायला नको! पहिले काही दिवस रिकामा ग्लास घे, मग तळाशी थोडं पाणी, मग अर्धा. आठवड्या-दोन आठवड्यांत बोटांना सवय लागते, जशी टायपिंगची लागते. एक बरं आहे, नेहमीच्या जागा आर्ममध्ये सेव्ह करून ठेवता येतात, म्हणजे दुमडून बाजूला बसायची जागा, तोंडासमोरची जागा, एका बटणात तिथे येतो. आणि जाकोत पिण्यासाठी वेगळा मोड आहे, त्यात ग्लास मनगटाभोवती न फिरता स्वतःच्या काठाभोवती कलतो, त्यामुळे काठ ओठाला लागलेला तसाच राहतो. ही छोटी गोष्ट वाटते पण ट्रायलच्या वेळी याच्याशिवाय आणि याच्यासकट दोन्ही पिऊन बघ, फरक कळेल.

तर एक ग्लास पाणी प्यायला सुरुवातीला तीन-चार मिनिटं गेली तरी जाऊ देत. आईने पाजलं तर अर्धं मिनिट. पण आई दुसऱ्या खोलीतून येईपर्यंतचा वेळ, आणि मागू की नको या विचारात घालवलेला वेळ, तो कुणी मोजत नाही.

आता काय होत नाही तेही ऐक, कारण व्हिडिओत ते नसतं. आर्म तुला उचलू शकत नाही, बेडवरून चेअरवर नेऊ शकत नाही, कपडे घालणं, बाथरूम, कूस बदलणं यातलं काहीच नाही. तो चेअरला लावलेला असतो त्यामुळे तू बेडवर असताना तो तुझ्यापासून लांब उभा असतो, रात्री त्याचा उपयोग शून्य. दोन हात लागतात ती कामं एकट्या आर्मने होत नाहीत, झाकण फिरवायचं तर बाटली कुणीतरी धरायला हवी, म्हणजे घट्ट बसणारा होल्डर वगैरे. जमिनीवर सपाट पडलेलं कार्ड, कागद, नाणं हे उचलणं जिकिरीचं. आणि त्याला स्पर्श कळत नाही, कागदी कप किती दाबला गेला हे तुला डोळ्यांनीच बघावं लागतं. उकळतं काही त्यात घेऊन तोंडाशी नेऊ नकोस, पहिले काही महिने तर नाहीच. स्टॉपचं बटण आहे ना आणि तुझ्या बोटाला ते थकलेलं असतानाही पोचतं ना, हे आधी बघ.

माझा सगळ्यात मोठा सल्ला आता देते आणि तो आर्मबद्दल नाहीये, वहीबद्दल आहे. एक आठवडा तू जे जे मागतेस ते लिहून काढ. मोबाईलवर टाईप कर, चालेल. काय मागितलं, वस्तू कुठे होती, किती उंचीवर, डावीकडे का उजवीकडे, आणि मागायचं होतं पण मागितलं नाही असं काय होतं, हा शेवटचा रकाना विसरू नकोस, मला त्याच्यातच जास्त रस आहे. आठवड्याने ती यादी घेऊन तुझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर, म्हणजे ओटीबरोबर, बस.

हे का सांगतेय, तर अमेरिकेत १९९३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, २२७ लोकांना विचारलं होतं की घेतलेल्या सहायक साधनांचं पुढे काय झालं, आणि २९ टक्क्यांच्या आसपास साधनं वापरायची सोडून दिलेली निघाली. कारणांमध्ये एक मोठं कारण होतं, निवडताना वापरणाऱ्याचं मत विचारलंच नव्हतं. जुना अभ्यास आहे पण मी हे आजही बघते. घरच्यांनी हौसेने घेतलेलं, थेरपिस्टने डोळ्यात भरेल असं सुचवलेलं, आणि ज्याच्यासाठी घेतलं त्याला वेगळंच काहीतरी हवं होतं. तुझ्या बाबतीत उलटं आहे, तुलाच हवंय, ही जमेची बाजू आहे, पण तुलासुद्धा नक्की कशासाठी हवंय ते कागदावर आलेलं नाहीये अजून. आत्ता फक्त व्हिडिओ आहे.

यादी बघितल्यावर कदाचित असं निघेल की अर्ध्या गोष्टी आर्मशिवाय सुटतात आणि त्या आजच सोडवाव्यात, आर्म येईपर्यंत कशाला थांबायचं. पाण्याचंच घे. चेअरच्या पाठीला बाटली अडकवून तिची लांब नळी वाकणाऱ्या दांडीवर तोंडाच्या बाजूला आणून ठेवायची, चावल्यावरच पाणी येईल असा व्हॉल्व्ह लावायचा, झालं, दिवसभर पाणी न मागता. दिवे, पंखा, दाराची बेल, फोन हे आवाजावर किंवा मोबाईलवर करता येतं. ही साधी वाटणारी साधनं आहेत आणि माझ्या मते आर्मच्या आधी यायला हवीत. कुणी म्हणेल मग आर्म कशाला, तर नळीने पाणी मिळतं पण पडलेला इअरफोन उचलला जात नाही आणि कपाटातलं पुस्तक खाली येत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट, जी तू पत्रात कुठे विचारली नाहीस पण तुझ्यासाठी फार कामाची असू शकते. तुझी बोटं चालतात आणि खांदा उचलत नाही. म्हणजे अडचण पकडीची नाहीये, हाताच्या वजनाची आहे. याच्यासाठी आर्म सपोर्ट म्हणून प्रकार असतो, मोटर नाही काही नाही, स्प्रिंग किंवा रबर बँडने हाताचं वजन तोलून धरलेलं असतं, आपला हात पाण्यात तरंगावा तसा हलका होतो आणि मग उरलेल्या थोड्या ताकदीने तो तोंडापर्यंत जातो. अमेरिकेत विलमिंग्टन रोबोटिक एक्सोस्केलेटन म्हणून एक आहे, नाव भारी आणि चालतो रबर बँडवर! त्यात ग्लास तुझ्याच बोटांत असतो, गार आहे का गरम तुलाच कळतं, मोड बदलायची भानगड नाही. कोपर किंवा खांदा आखडला असेल तर तेवढा उपयोग होत नाही, आणि जी थोडी ताकद लागते ती पुढे कमी झाली तर हाही कमी पडतो, हे तुला स्पष्ट सांगायला हवं कारण तुझा आजार हळूहळू पुढे जाणारा आहे. पण ट्रायल घ्यायची तर दोन्हीची घे. माझ्या पेशंटपैकी काहीजण एका बाजूला सपोर्ट आणि दुसऱ्या बाजूला रोबोटिक आर्म असे दोन्ही वापरतात आणि त्यांना विचारलंस तर ते यातलं एकही सोडायला तयार होणार नाहीत.

फक्त जेवणापुरतं हवं असेल तर भरवणारी वेगळी यंत्रंसुद्धा आहेत, ओबी नावाचं एक आहे, चार वाट्यांची ताटली आणि एक छोटा हात, एका स्विचने वाटी निवडायची, दुसऱ्याने घास तोंडाशी. पण तो तेवढंच करतो. तुझ्या पत्रावरून तुला तेवढं पुरणार नाही असं वाटतं.

आर्मचीच ट्रायल घेशील तेव्हा शोरूममधली किंवा सेंटरमधली अर्ध्या तासाची ट्रायल धरू नकोस. तिथे टेबल रिकामं असतं, कप हलका असतो, बाजूला कंपनीचा माणूस उभा असतो, सगळंच जमतं. आपल्या घरी, आपल्या टेबलावर, आपल्या ग्लासाने, निदान काही दिवस वापरायला मागून घे. आणि संध्याकाळी वापर. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत सकाळचा हात आणि संध्याकाळचा हात वेगळा असतो हे मी तुला काय सांगणार, सकाळी चाललेली जॉयस्टिक संध्याकाळी जड जाते का ते बघ. वहीतल्या पहिल्या पाच गोष्टी ट्रायलमध्ये करून बघायच्या, त्यातल्या तीन तरी जमल्या पाहिजेत, नाहीतर थांबायचं.

चेअरचं तर आधी बघ, लोक इथेच फसतात. आर्म चेअरच्या बाजूला बसतो, शक्यतो जॉयस्टिकच्या विरुद्ध बाजूला, त्यामुळे चेअरची रुंदी वाढते आणि मग बाथरूमच्या दारात अडकते. सगळी दारं मोजून ठेव, अगदी लिफ्टचंही. वजन म्हणशील तर जाको ५ किलोच्या आसपास, आयआर्म ९ च्या आसपास, एका बाजूला एवढं लटकल्यावर चेअरचा तोल कसा राहतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते का हे फिटिंग करणाऱ्याकडून लेखी घे. तुझ्या चेअरचं इलेक्ट्रॉनिक्स आर्मशी जुळतं का, जोडल्यामुळे चेअरची वॉरंटी जाते का, आर्म बिघडला तर दुरुस्त करणारा कुठे बसतो आणि तोपर्यंत बदली आर्म मिळतो का. एका पेशंटचा आर्म दुरुस्तीला गेला तो पाच महिने आला नाही, आणि त्या पाच महिन्यांत तो माणूस जितका खचलेला मी पाहिला तितका आर्म मिळायच्या आधीसुद्धा नव्हता. म्हणून सर्व्हिसचा प्रश्न मी किमतीच्या आधी विचारते. महाग आहे गं, फार महाग आहे, तू चौकशी केलीच असशील. नेदरलँड्ससारख्या देशात विम्यातून मिळण्याची सोय झाली, सगळीकडे तशी नाही, त्यामुळे घ्यायच्या आधी तुझ्या विम्यात, नोकरीच्या ठिकाणी, सरकारी योजनेत सहायक साधनांसाठी काय आहे ते सगळं विचारून घे, ओटीचं लेखी मूल्यांकन जोडलं तर अर्ज वजनदार होतो. सगळी पुंजी एकट्याने ओतू नकोस.

आणि एक प्रश्न नक्की विचार, पुढे बोटं थकली तर हाच आर्म दुसऱ्या कशाने चालेल का. हनुवटीने, डोक्याच्या हालचालीने, फुंकर मारून-ओढून चालणाऱ्या स्विचने, नजरेने. आज नको आहे ते, पण दार उघडं असलेला आर्म घे.

भाऊ म्हणतो ते मेंदूने चालणाऱ्या आर्मचं. खोटं नाहीये ते, २०१२ मध्येच छापून आलंय, अमेरिकेत ब्रेनगेट नावाच्या संशोधनात स्ट्रोकनंतर कित्येक वर्षं हातपाय न हललेल्या एका बाईंनी नुसत्या विचाराने रोबोटिक आर्म हलवून बाटलीतून स्ट्रॉने कॉफी प्यायली. त्याचा फोटो बघितला तर अंगावर काटा येतो. पण त्यासाठी कवटी उघडून मेंदूत ९६ तारांची चिप बसवली होती, डोक्यातून वायर बाहेर, शेजारी संशोधकांची टीम. आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्यांची बोटं हलत नाहीत. तुझी हलतात. हलणाऱ्या बोटाने जॉयस्टिक ढकलणं हे आजच्या घडीला मेंदूतल्या चिपपेक्षा सोपं, सुरक्षित आणि पक्कं आहे. कॅमेऱ्याने ग्लास ओळखून आपणहून तिथपर्यंत जाणारे आर्मसुद्धा प्रयोगशाळांमधून हळूहळू बाहेर येतायत, ते आले की मोड बदलायची कटकट कमी होईल, चांगलंच आहे. पण ज्या वर्षांत तुझी बोटं चांगली आहेत ती वर्षं वाट बघण्यात घालवायची का? मी तरी घालवली नसती. भावाला दुसरं काम दे, दारं मोजायचं आणि वॉरंटीचे कागद वाचायचं, थांब म्हणणारी माणसं कामाला लावली की बरेचदा तीच पुढे धावतात.

आता आई.

आईने जे म्हटलं ना, माझे हात आहेत ना अजून, त्यातला ‘अजून’ मला फार लागला. तुला लागला का? तुला पाणी पाजणं हे तिच्यासाठी काम नाहीये, इतकी वर्षं ती दिवसातून कितीदा तुझ्याजवळ येते ती त्याच निमित्ताने. आणि तू म्हणालीस यंत्र आणू, तिला ऐकू आलं, तू आता नको. म्हणून म्हटलं ४१ टक्के वेळ वाचतो हे सांगू नकोस. ‘आई तुझा त्रास कमी होईल’ हे तर मुळीच म्हणू नकोस, लोक प्रेमाने हेच म्हणतात आणि हेच चुकतं, कारण तिने कधी त्याला त्रास म्हटलंच नव्हतं, आता तू म्हटलंस.

त्याऐवजी तुझं सांग. मला मागायला कसं होतं ते सांग, पाणी कमी पिते ते सांग, तिला हे माहीतच नसेल कदाचित. तू माझ्याजवळ नुसती बसावीस असं वाटतं, उठून काहीतरी आणायला न जाता, हे सांग. हे खरं असेल तरच सांग अर्थात, पण मला वाटतं खरं आहे.

ट्रायलला तिला घेऊन जा आणि तू वापरायच्या आधी तिला वापरायला लाव. खुर्चीत बसव, हात मांडीवर ठेवायला सांग, एका बोटाने जॉयस्टिक, आणि ग्लास स्वतःच्या तोंडाला लाव म्हणावं. मी हे पुष्कळ आयांना, बायकांना, नवऱ्यांना करायला लावलंय. पहिल्या दोन मिनिटांत हात आपोआप मांडीवरून उचलला जातो, सगळ्यांचा, आणि मग तो परत खाली ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी शब्दात सांगू शकत नाही. त्यानंतर मला फार समजवावं लागत नाही.

आर्म घरी आला की एक नियम मात्र आईकडून कबूल करून घे. तू ग्लास उचलत असशील, चाचपडत असशील, चुकीच्या मोडमध्ये जात असशील, ती समोर उभी असेल आणि तिचे हात शिवशिवत असतील. तू ‘आई ये’ म्हणेपर्यंत तिने हात पुढे करायचा नाही. सांडलं तर सांडलं, पुसता येतं. हे तिला तुझ्यापेक्षा जड जाणार आहे, इतकी वर्षं न सांगता समजून करणारी बाई आहे ती, तिला नुसतं बघत उभं राहायला सांगतोय आपण, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चिडलीस तरी थोडी बेताने चीड.

आणि ‘अजून’चं उत्तर आर्मकडे नाहीये, हे तुम्ही दोघींनी एकदा मोकळेपणी बोलायला हवं. तिचे हात थकतील तेव्हा काय, हा तिच्या मनातला खरा प्रश्न असणार. उचलणं, आंघोळ, रात्रीची कूस ही कामं माणसालाच करावी लागणार आहेत, तेव्हा आत्तापासून आठवड्यातून दोनदा तरी दुसऱ्या कुणाला तरी ती शिकवा, भाऊ असेल, पगारी मदतनीस असेल, आई शेजारी असतानाच. तिला सुट्टी म्हणून नको सांगूस हे, तिनेच शिकवायचंय, तिच्याइतकं तुझं अंग कुणाला कळतं?

राहिले केस. येतात गं सारता. पण ग्रिपरच्या उघड्या बोटांनी चेहऱ्याला हात लावायला जाऊ नकोस, निदान आधी तरी नको. एक हलकी काठी घे, वीतभर लांब, टोकाला मऊ स्पंज किंवा मेकअपचा जाड ब्रश बांध, आणि दुसऱ्या टोकाला जाड फोम गुंडाळ म्हणजे ग्रिपरमधून सटकणार नाही. हेन्री इव्हान्स म्हणून अमेरिकेतले एक गृहस्थ आहेत, २००२ मध्ये स्ट्रोक आल्यापासून बोलता येत नाही, हातपाय चालत नाहीत, त्यांनी संशोधकांच्या मदतीने एका मोठ्या रोबोटकडून आधी काय करून घेतलं असेल, तर स्वतःला खाजवलं आणि स्वतःची दाढी केली. म्हणजे चेहऱ्याजवळचं काम होतं, फक्त घाई करायची नाही. ब्रश गालाच्या थोडा बाहेर, कानाच्या रेषेत आण, ती जागा आर्ममध्ये सेव्ह करून ठेव, आणि आर्म तिथे आला की जॉयस्टिकवरचं बोट काढून घे. मग आर्म तसाच स्थिर राहू दे आणि मान तू हलव, गाल ब्रशवर टेकवून हळूच पुढे सरक, केस आपोआप मागे जातात.